मनात प्रेमच येत नाही, मग मी ढोंगी का?

"मॅडम, दर रविवारी उपासनेला जाते, बायबल वाचते, पण त्या पोरींबद्दल मनात काही येतच नाही, उलट जिन्यात दिसल्या की कसंतरी होतं, मग मी ढोंगी का?" साठीच्या एक काकू, रिटायर्ड नर्स, खुर्चीत टेकायच्या आधीच एवढं बोलून मोकळ्या झाल्या. (ओळख लागू नये म्हणून बारीकसारीक तपशील बदललेत.)

हा प्रश्न माझ्याकडं बऱ्याच तोंडांनी येतो, "त्या" मधली माणसं तेवढी बदलतात. आपण सोलापूरकर म्हणतो आम्हाला काय त्याचं, एका गल्लीत मराठी, कन्नड, तेलुगू, दखनी सगळं चालतं की! पण ही सगळी पिढ्यान्‌पिढ्याची ओळखीची माणसं, नव्या चेहऱ्याचं माणूस वरच्या मजल्यावर राहायला आलं की खरं कळतं.

काकूंच्या वर दोन मिझो मुली भाड्यानं राहत होत्या, पार्लरमध्ये कामाला. गल्लीतली पोरं त्यांना "चायना" म्हणायची, काकूंनी कधी म्हटलं नाही पण पोरांना कधी दटावलंही नाही, हे त्यांनी स्वतःच सांगितलं. दया मात्र भरपूर केली होती. नाताळात फराळाचं ताट, जुने स्वेटर, आणि वर "येशू कोण आहे" सांगणारी पत्रिका. मला हसू आवरेना. म्हटलं काकू, मिझोराममध्ये 2011 च्या जनगणनेत 87 टक्के लोक ख्रिस्ती आहेत, तुम्ही कुणाला पत्रिका दिलीत? काकू गप्पच. मग म्हणाल्या, "अगं पण त्यांनी घेतली की गुपचूप, थँक्यू पण म्हणाल्या."

मी विचारलं, त्यांच्या घरचं तुम्ही काय खाल्लंय, काय प्यायलंय? काहीच नाही. नावं? एकीचं अर्धवट माहीत.

मला खरी गाठ इथं दिसली. प्रेम येत नाही म्हणून त्या स्वतःला बोल लावत होत्या, पण देणारा हात कायम वरच राहिला तर प्रेम यायला वाटच कुठं आहे. देताना आपण मोठे असतो, सोपं असतं ते. त्यांना बायबल पाठ, म्हणून योहानाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय काढायला लावला. यहुदी आणि शोमरोनी, म्हणजे शेजारच्या शोमरोन प्रांतातले लोक, यांचं जुनं वैर, देवाची भक्ती यरुशलेमात करायची की डोंगरावर इथपासून भांडण, आणि येशू दुपारी विहिरीवर बसून त्या शोमरोनी बाईला आधी उपदेश करत नाही, प्यायला पाणी मागतो. म्हणजे तिच्या भांड्यातलं! तीच चकित होते, की तू यहुदी असून माझ्याकडं कसं मागतोस. पुढं त्या गावात तो दोन दिवस राहिला, म्हणजे जेवला पण असेलच की त्यांच्या घरी.

होमवर्क एवढाच दिला, मनात काही येवो न येवो, त्यांच्याकडं काहीतरी मागा. खोटं नको, खरी गरज असेल तेव्हाच. आणि पोरांनी परत "चायना" म्हटलं तर तिथल्या तिथं बोला, हे प्रेमाबिमाची वाट बघत थांबायचं काम नाही.

गरज पडायला सोलापुरात किती वेळ लागतो! नळाला चार-पाच दिवसाआड पाणी, त्यात एकदा लांबलं, काकूंची टाकी कोरडी. महिन्याभरानं आल्या तेव्हा सांगत होत्या, घागर घेऊन जिना चढताना पाय लटपटत होते, आयुष्यभर कुणाकडं मागितलं नाही म्हणे. त्या मुलींनी दोन बादल्या खाली आणून दिल्या, बसवून चहा पाजला. टेबलावर मिझो बायबल होतं, रोमन अक्षरातलं, वाचता आलं पण कळलं काहीच नाही. पत्रिकेबद्दल काकूंनी माफी मागितली तर दोघी खो खो हसल्या.

मी विचारलं, आता कसं वाटतं? "प्रेम वगैरे मला सांगता येणार नाही बघ. नावं पाठ झालीत. त्यांच्या त्या आंबवलेल्या सोयाबीनचा वास अजून सहन होत नाही, पण करायचं असलं की आधी फोन करतात, आंटी खिडकी लावा म्हणून."