घरच्यांसाठी जगता जगता स्वतःलाच हरवून बसले, तर 'मी कोण' हे कसं शोधायचं?

तुम्ही लिहिलंय की तुमचं वय ४१, सासरे अंथरुणाला खिळलेले, दोन मुलं, नोकरी. परवा एका फॉर्मवर 'छंद' या रकान्यात काय लिहावं ते सुचेना आणि तुम्हाला रडू कोसळलं. त्या रिकाम्या रकान्यासमोर मीही बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून लिहिते.

मी ५१ वर्षांची असताना माझ्या आईला अल्झायमर असल्याचं कळलं. पुढची सहा वर्षं ती माझ्याकडेच होती. त्या काळात या आजाराबद्दल मिळेल ते वाचत होते. ज्यांच्या नावाने तो ओळखला जातो त्या डॉ. अलॉइस अल्झायमर यांच्याकडे १९०१ साली फ्रँकफर्टच्या रुग्णालयात ऑगुस्ट डेटर नावाची एक बाई आली होती. तीही ५१ वर्षांचीच. डॉक्टरांनी नाव लिहायला सांगितलं तर तिला ते पुरं करता येईना. 'मी स्वतःला हरवून बसले आहे,' असं ती म्हणाल्याची नोंद आहे. वाचत होते आईसाठी, पण ते वाक्य मला माझंच वाटलं. 'कशी आहेस?' असं कुणी विचारलं की मी आईची तब्येत सांगायला लागायचे, इतकी मी माझ्यातून निघून गेले होते.

पहिली तीन वर्षं मी फार चुकीच्या रीतीने काढली. भाऊ म्हणाला होता, 'महिन्यातले आठ दिवस मी येऊन राहतो.' मी त्याला 'तुला नाही जमायचं' म्हणून उडवून लावलं, आणि मग तो येत नाही म्हणून त्याच्यावरच चिडत राहिले. मैत्रिणींचे फोन घेणं सोडलं. आईचं सगळं मीच केलं पाहिजे, तरच मी खरी मुलगी, असं मनाशी धरून बसले होते.

मग एका संध्याकाळी तिचे केस विंचरत होते. तिने माझा हात हलकेच बाजूला केला आणि म्हणाली, 'बाई, तुमच्या घरी कुणी वाट बघत असेल ना? उशीर झालाय, जा आता तुम्ही.'

आयुष्यात पहिल्यांदा आईने मला 'तुम्ही' म्हटलं.

फणी तशीच हातात घेऊन मी जिन्यात जाऊन बसले. जिच्यासाठी मी मुलगी होते तिच्याच लेखी आता मी परकी बाई होते. कौतुक करायला, निदान ओळख द्यायलाही कुणी उरलं नव्हतं. आणि तिथे बसून मी स्वतःला जे विचारलं ते त्याआधी कधीच विचारलं नव्हतं: मला हे करायचं आहे का? नको असेल तर वाटा होत्या. भाऊ होता, पैसे मोडून माणूस ठेवता आला असता. बराच वेळ बसले. उत्तर आलं ते असं की आईजवळ राहायचं आहे, पण असं नाही.

इथे मला व्हिएन्नाचे मानसोपचारतज्ज्ञ व्हिक्टर फ्रँकल आठवतात. नाझींच्या राजवटीत त्यांना अमेरिकेचा व्हिसा मिळाला होता. म्हाताऱ्या आईवडिलांना मात्र मागे ठेवून जावं लागणार होतं. त्यांनी जायचं नाही असं ठरवलं आणि व्हिसाची मुदत संपू दिली. १९४२ साली सगळ्यांना छळछावणीत नेलं. वडील तिथेच वारले, आईला पुढे आउश्वित्झमध्ये मारलं. असं वागावं असं मी कुणालाही सांगणार नाही, तुम्हाला तर नाहीच. मला त्यात एवढंच दिसतं की राहणं त्यांनी निवडलं होतं. मी तीन वर्षं नुसती वाहत गेले होते. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं, आतून अजिबात नाही.

दुसऱ्या दिवशी भावाला फोन केला. तो आला, चुकला, शिकला. आणि मी पहाटेची चाळीस मिनिटं माझी म्हणून बाजूला काढली. मला लहानपणी भूमितीचं वेड होतं. लग्नानंतर ते कुठे गेलं ते कळलंही नाही. आईच्या जुन्या रिपोर्टच्या पाठकोऱ्या कागदांवर मी रचना काढू लागले. एकदा दिलेल्या कंसावरून वर्तुळाचं केंद्र शोधत होते: दोन जीवा घ्यायच्या, त्यांचे लंबदुभाजक काढायचे, ते छेदतात तिथे केंद्र. आई शेजारी येऊन बसली. तिने त्या कंसाच्या बाहेरून, बोटभर अंतर राखून, तर्जनी सावकाश फिरवली.

'माया नाही ठेवलीस,' ती म्हणाली. 'उद्या सैल करायची वेळ आली तर?'

आई तीस वर्षं शिवणकाम करत होती. या आजारात अलीकडच्या आठवणी आधी पुसल्या जातात. हाताला बसलेलं काम मेंदू वेगळ्या ठिकाणी जपतो आणि ते पुष्कळदा उशिरा जातं. तिला तो कंस म्हणजे बेतलेलं कापड वाटलं होतं, आणि माया म्हणजे शिवणीबाहेर राखलेलं जादा कापड. आणि तिने मला 'तू' म्हटलं होतं. मुलगी म्हणून की शिकायला आलेली पोर म्हणून, ते मला कधीच कळणार नाही. मी त्या कंसाबाहेर बोटभर अंतरावर दुसरी रेघ काढली. तिने मान डोलावली. तो कागद माझ्याकडे आहे.

मैत्रिणींचं मात्र जड गेलं. दोघी परत आल्या, एक नाही आली. हार्वर्डचा एक अभ्यास १९३८ पासून माणसांच्या आयुष्याचा मागोवा घेतो आहे, आणि म्हातारपणी बरं, समाधानी असणाऱ्यांत जवळची नाती असलेले जास्त, असं त्यात पुन्हा पुन्हा दिसलं आहे. मी ते वाचून नाही, एक मैत्रीण गमावून शिकले.

तुमच्या दिराबद्दल तुम्ही ओझरतं लिहिलंय, की तो 'काही मदत हवी का?' विचारतो आणि तुम्ही 'नको, होतंय सगळं' म्हणता. पुढच्या वेळी त्याला वार आणि वेळ सांगा: शनिवारी सकाळी सात ते अकरा, बाबांना स्पंजिंग, औषधं आणि नाश्ता. तो आला की त्या खोलीत थांबू नका. पहिल्यांदा तो औषधं उशिरा देईल, चादर वाकडी घालेल. ती वाकडीच राहू द्या.