कोणाचे दोष काढले नाहीत तर आत्मिक चैतन्य वाढतं, असं मेटाफिजिकल ख्रिस्ती लोक, म्हणजे विचाराने शरीर घडतं असं मानणारे ख्रिस्ती, म्हणतात. यात तथ्य किती?

दादा, तुम्ही शहाद्याहून लिहिलंय की युनिटी नावाच्या त्यांच्यातल्याच एका पंथाचं साहित्य वाचताय. त्यात म्हटलंय, कोणाचा निवाडा करू नका, म्हणजे आतलं जीवन मोकळं वाहायला लागेल. पण मंडळीच्या (चर्चच्या) कमिटीत हिशेबाचा घोळ दिसतो, धाकटा भाऊ वडिलोपार्जित शेत विकायला निघालाय आणि पितोही. अशा वेळी गप्प बसायचं का? आणि गप्प बसलं की चैतन्य कुठलं, उलट जीव घुसमटतो. असा तुमचा प्रश्न.

गप्प बसायला या लोकांनी कुठेच सांगितलेलं नाही. ही गोष्ट सुरू झाली ती शेजाऱ्यापासून नव्हे, स्वतःच्या शरीरापासून. मर्टल आणि चार्ल्स फिलमोर या जोडप्याने 1889 मध्ये अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीत युनिटीचं काम सुरू केलं. मर्टलबाईंना क्षयाचं दुखणं होतं, आणि हे घराण्यातून आलेलं आहे, आता सुटका नाही, ही समजूत पक्की बसलेली. 1886 मध्ये एका व्याख्यानात त्यांच्या मनाने घेतलं की मी देवाचं लेकरू आहे, तर आजार हा माझा वारसा नाही. पुढे त्यांनी केलं ते वाचायला विचित्र वाटेल. त्या आपल्या एकेका अवयवाशी बोलायला लागल्या. यकृताला सांगायच्या की तू मंद नाहीस, तुझ्यात जोम आहे. पोटाला सांगायच्या की तू दुबळं नाहीस. आणि आजवर मी तुम्हाला निकामी, रोगट म्हणत आले, म्हणून त्यांनी चक्क माफी मागितली. बाई 1931 साली गेल्या, वयाच्या 86 व्या वर्षी. डॉक्टर या बरं होण्याचा अर्थ वेगळा लावतील, लावू द्या. मला त्यातली माफी महत्त्वाची वाटते. उठता-बसता आपण ‘हे गुडघे मेले’, ‘माझं डोकं चालतच नाही’ म्हणतो, तोही निवाडाच, आणि तो ऐकणारा चोवीस तास आपल्याच अंगात असतो.

चार्ल्स फिलमोर यांनी 1930 च्या पुस्तकात याची पुढची मांडणी केली. येशूचे बारा शिष्य म्हणजे माणसातल्या बारा शक्ती, आणि प्रत्येकीची शरीरात एक जागा. पेत्र म्हणजे विश्वास. योहान म्हणजे प्रीती, जागा हृदयाशी. जब्दीचा मुलगा याकोब म्हणजे न्यायबुद्धी, आणि तिची जागा पोटाच्या वरच्या खळगीत. कोणाशी तावातावाने भांडून आलं की भाकरीचा घास तिथेच अडतो, हे आपल्याला पुस्तकाशिवायही माहीत असतं. म्हणजे न्यायबुद्धी ही बारांतली एक, देवाने दिलेली. ती मारून टाका असं फिलमोर म्हणत नाहीत, ती प्रीतीच्या हाताखाली ठेवा म्हणतात.

आता गंमत बघा. तुम्ही ज्याला चैतन्य म्हणता ती जीवनशक्ती त्यांनी कोणत्या शिष्याला दिली असेल? यहूदा इस्कर्योताला. ख्रिस्ती घरात वाढलेला माणूस हे वाचून दचकतोच. ज्याचं नाव आपण शिवीसारखं वापरतो, त्याच्याकडे जीवन? पण योहानाच्या शुभवर्तमानात पैशांची थैली यहूदाकडेच होती. साठा त्याच्या हातात, तो कशावर उधळायचा हेही त्याच्याच हातात. फिलमोर यांचं म्हणणं असं की या शक्तीला हाकलून द्यायचं नसतं, तिचा उद्धार करायचा असतो. पुढचं माझं मत आहे, त्यांचं नाही. पेत्र येशूला तीनदा नाकारून बसला, यहूदाने त्याला चांदीच्या तीस नाण्यांना धरून दिलं. दोघेही पडले. पेत्र रडला आणि जगला. यहूदाने पैसे परत नेऊन दिले, चूक कबूलही केली, पण स्वतःच न्यायाधीश होऊन स्वतःला शिक्षा देऊन टाकली. जीवनशक्ती निवाड्याच्या हाती गेली की काय होतं, ते याहून उघड कुठे दिसणार?

तुमच्या कमिटीकडे येतो. मी जिनिंगवर कापसाची प्रतवारी करतो, म्हणजे दिवसभर न्याय करणं हाच धंदा. ट्रॉली आली की वरचा माल बघायचा नसतो, हात कोपरापर्यंत खुपसून आतला कापूस काढायचा. सरकीवरून रेषा, म्हणजे कापसाचा तंतू, चिमटीने ओढायची, दोन्ही अंगठ्यांत धरून ओढून ओढून सरळ करायची आणि लांबी बघायची. मग ओलाव्याचा मीटर. सीसीआयच्या (भारतीय कापूस महामंडळाच्या) खरेदीत 8 टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, तिथून 12 पर्यंत भाव उतरत जातो, 12 च्या वर माल परत. कवडी, म्हणजे खराब कापूस, असेल तर कवडीच म्हणायचं, त्यात दयामाया नाही. पण मीटरवर 14 दिसले आणि मी म्हणालो, ‘याने पाणी मारलंय, ही माणसंच तसली,’ की माझं काम संपलं आणि दुसरंच सुरू झालं. रात्रभर ट्रॉली उघडी राहिली असेल, दव पडलं असेल. माल तसाही परतच जाणार आहे, शिव्या घालून एक टक्का ओलावा कमी होत नाही. दिवाळीनंतरच्या गर्दीत जो ग्रेडर प्रत्येक शेतकऱ्यावर खेकसतो तो दुपारपर्यंत पिळून निघतो, आणि मग त्याच्या हाताला चांगला-वाईट माल कळेनासा होतो. आमच्याकडे म्हणतात, ‘बोलामा आपलं काय जास?’ बरंच काही जातं भो, आणि आपलंच जातं.

म्हणून हिशेबात घोळ वाटत असेल तर पावत्या आणि बँकेचं पासबुक लेखी मागा, वार्षिक सभेत मागा. येशूने योहान 7:24 मध्ये वरवर पाहून न्याय करू नका, यथार्थ न्याय करा असंच सांगितलंय. खजिनदार घरी बायकोशी कसा वागतो, त्याच्या पोराला नोकरी कशी लागली, हे चहाच्या टपरीवर काढू नका. कुसळ-मुसळाचा दाखला तुम्हाला पाठ असेलच, त्यातही शेवटी भावाच्या डोळ्यातलं कुसळ काढायचंच आहे. फक्त आधी स्वतःला नीट दिसायला हवं.

एका गोष्टीबद्दल मात्र सावध करतो, कारण हे साहित्य वाचणारे इथे हमखास घसरतात. विचाराने शरीर घडतं असं एकदा मानलं की पुढचं वाक्य फार सहज तोंडात येतं: तू आजारी आहेस म्हणजे तुझेच विचार वाईट. माझ्या आईच्या पायाला साखरेची जखम झाली होती तेव्हा प्रार्थनेला आलेल्या एका बाईंनी तिला उशाशी बसून विचारलं, ‘मनात कोणाबद्दल कडूपणा ठेवलाय का?’ आई त्या रात्री जखमेपेक्षा त्या प्रश्नाने जास्त तळमळली. निवाडा न करण्याच्या नावाखाली केलेला हा सगळ्यांत कठोर निवाडा. योहानाच्या नवव्या अध्यायात जन्मांध माणसाला पाहून शिष्य नेमकं हेच विचारतात, पाप कोणी केलं, याने की याच्या आईबापांनी? येशू म्हणतो, दोघांनीही नाही. आणि चिखल करून त्याच्या डोळ्यांना लावतो. शिलोहाचा बुरूज पडून 18 जण मेले तेव्हाही त्याने तेच सांगितलं, ते इतरांहून जास्त पापी नव्हते. मर्टलबाईंची रीत ही स्वतःच्या यकृताशी बोलण्याची आहे, दुसऱ्याच्या यकृताची झडती घेण्याची नाही. आणि इन्सुलिन बंद करायला तर कोणी सांगत असेल तर त्याला दारातूनच जय ख्रिस्त करा.

तुमच्या पाळकांना विचारलंत तर ते म्हणतील, हे शुद्ध शिक्षण नव्हे. त्यांच्या बाजूने ते बरोबरच आहे. खानदेशातल्या आपल्या बहुतेक मंडळ्या अलायन्ससारख्या मिशनांच्या हाताखाली वाढल्या. तिथे ख्रिस्त हा एकमेव तारणारा. युनिटीवाले प्रत्येकाच्या आत असलेल्या ख्रिस्ताची भाषा करतात. हा फरक मोठा आहे, तो पुसून टाकू नका. मी स्वतः दर रविवारी मंडळीतच बसतो आणि या लोकांकडून फक्त त्यांची शांत बसण्याची सवय घेतली आहे. 1890 पासून त्यांची माणसं रात्री ठरलेल्या वेळेला आपापल्या घरी एकाच वेळी मौन धरून प्रार्थना करायची. पद्धत सोपी आहे. आधी नकार: या माणसाच्या वागण्याची माझ्यावर सत्ता नाही. मग स्वीकार: जे जीवन माझ्यात आहे तेच त्याच्यात आहे. दुसरं वाक्य घशाखाली उतरत नाही, विशेषतः ज्याच्यावर राग आहे त्याचं नाव घेऊन. न उतरलं तरी चालतं, पहिलंच म्हणा. चैतन्य म्हणजे अंगात वीज शिरेल असं काही नाही. झोप लागते, आणि सकाळी उठल्यावर कालचं भांडण डोक्यात आपोआप सुरू होत नाही.

भावाचं राहिलं. तो पिऊन आलेला असताना बोलू नका, सकाळी बोला, आईसमोर नको. आणि शेत वडिलोपार्जित असेल, सातबाऱ्यावर तुमचंही नाव असेल, तर आधी तलाठ्याकडे जाऊन नोंदी बघून या. विक्रीचा फेरफार पडलाच तर नोटीस मिळाल्यापासून 15 दिवसांत लेखी हरकत देता येते. त्या अर्जात तो दारू पितो हे लिहायची काही गरज नसते.