भूकंप कच्छमध्ये, इमारती पडल्या अहमदाबादेत

प्रश्न : २००१ साली आम्ही अहमदाबादला मणिनगरात राहत होतो. २६ जानेवारीला सकाळी पावणेनऊला झेंडावंदनाला निघणार, तोच घरातला झोपाळा आपोआप हलू लागला. पलीकडच्या गल्लीतली पाच मजली इमारत बसली. जुन्या शहरातल्या पोळात, म्हणजे दाटीच्या गल्लीत, असलेल्या आत्याच्या जुन्या घराचं मात्र कौलही सरकलं नाही. भुज केवढं लांब! असं का झालं? आता नाशिकला गोदाकाठी सातव्या मजल्यावर फ्लॅट बघतोय, म्हणून धाकधूक वाटते.
– एक वाचिका, नाशिक

उत्तर : ताई, उत्तर तुमच्या झोपाळ्यातच आहे. त्याच्या लयीत हलकासा रेटा दिला तरी झोका चढतो. भलत्या वेळी जोर लावला तर अडखळतो. इमारतीचंही तसंच. एका झोक्याला लागणाऱ्या वेळेचा ढोबळ हिशेब, मजल्यामागे सेकंदाचा दहावा भाग. आत्याच्या दोन मजली घराचा झोका ०.२ सेकंदाचा, पाच मजलीचा अर्ध्या सेकंदाचा, दहा मजलीचा सेकंदभराचा.

भूकंपाचं केंद्र कच्छमधल्या भचाऊजवळ होतं. एवढ्या लांबच्या वाटेत जलद थरथर विरते, संथ लाटा तेवढ्या पोचतात. अहमदाबादखाली साबरमतीच्या गाळाचा जाड थर आहे. खडकातून मऊ गाळात शिरताना लाटेचा वेग घटतो, झोका वाढतो, आणि गाळ स्वतःच्या लयीत डोलू लागतो. ती लय आत्याच्या घराशी जुळली नाही, उंच इमारतींशी जुळली. मेक्सिको सिटीत १९८५ साली हेच घडलं. भूकंप साडेतीनशे किलोमीटरवर, पण शहर जुन्या तळ्याच्या चिखलावर. चिखलाची लय दोन सेकंदांची. सहा ते पंधरा मजल्यांच्या इमारतींची दैना झाली.

पण सगळं खापर मातीवर फोडायला मी तयार नाही. त्या फेब्रुवारीत पाहणीला गेलो होतो. एका सोसायटीत खाली पार्किंगचे नुसते कॉलम, वर विटांनी भरलेले मजले. कॉलमच्या डोक्याशी सळया बाहेर फुगल्या होत्या, त्यांना आवळून धरणाऱ्या रिंगा उघडल्या होत्या. रिंगांची टोकं आत गाभ्यात वळवायची सोडून नुसती काटकोनात मुडपलेली! शेजारची तेवढीच उंच इमारत, त्याच गाळावर, तडे घेऊन का होईना, उभी होती.

आता तुमचा फ्लॅट. नाशिकखाली काळा पाषाण आहे. त्यावर दहा-पंधरा फूटच माती असेल तर तिची लय जलद असते, उंच इमारतीशी सहसा जुळत नाही. तरी माती परीक्षणाचा अहवाल मागा. मुरूम किती फुटांवर लागला, खडक किती फुटांवर, ते बघा. मग डिझाइनमध्ये जमीन कठीण, मध्यम की मऊ धरली ते विचारा. आयएस १८९३ या भूकंपरोधक बांधकामाच्या भारतीय संहितेत उंच इमारतीसाठी मऊ जमिनीवर कठीणच्या १.६७ पटींपर्यंत जोर धरतात. अहवालात मऊ आणि डिझाइनमध्ये कठीण निघालं, तर सौदा सोडा. ‘अहवाल ऑफिसात आहे’ म्हणाले, तर ऑफिसात बसून वाचा. आणि पार्किंगमध्ये उभं राहून विचारा : वरच्यासारख्या भिंती इथे नाहीत, त्याची भरपाई कशाने केलीत?