परतवाटेची तपासणी : कोणत्या इंटरफेसवर, किती कडक?

प्रश्न : महोदय, सातारा जिल्ह्यात आमची छोटी इंटरनेट सेवा आहे. आम्ही दोन मोठ्या पुरवठादारांकडून बँडविड्थ घेतो आणि दोघांशीही बीजीपी (नेटवर्कांनी एकमेकांना वाटा कळवण्याची पद्धत) चालवतो. बनावट पत्त्यांची पॅकेट अडवावीत म्हणून मी सीमेवरच्या राउटरच्या दोन्ही अपस्ट्रीम इंटरफेसवर (पुरवठादारांकडे जाणाऱ्या जोडण्यांवर) रिव्हर्स पाथ फॉरवर्डिंगची, म्हणजे परतवाटेची, स्ट्रिक्ट (कडक) तपासणी चालू केली. काही मिनिटांतच ग्राहकांचे फोन येऊ लागले, कारण काही संकेतस्थळे उघडत होती आणि काही अजिबात उघडत नव्हती. तपासणी काढताच सगळे पूर्ववत झाले. माझे काय चुकले?

उत्तर : आपला हेतू योग्य होता, राउटरनेही सांगितले तेच केले, तपासणीची जागा मात्र चुकली. एरवी राउटर पॅकेटचा फक्त गंतव्य पत्ता पाहतो. ही तपासणी लावली की तो पाठवणाऱ्याचा पत्ताही रूटिंग टेबलमध्ये, म्हणजे वाटांच्या यादीत, शोधतो आणि या पत्त्याकडे स्वतःला काही पाठवायचे झाले तर ते कोणत्या इंटरफेसने जाईल, हे पाहतो. स्ट्रिक्ट प्रकारात पॅकेट नेमके त्याच इंटरफेसवरून आलेले असावे लागते. आता समजा, एखाद्या सर्व्हरकडे जाण्यासाठी आपल्या बीजीपीने पहिल्या पुरवठादाराची वाट निवडली आहे. त्या सर्व्हरच्या नेटवर्कने मात्र आपल्यापर्यंत येण्यासाठी दुसऱ्या पुरवठादाराची वाट निवडली, आणि तसे करण्याचा त्याला पूर्ण अधिकार आहे. अशा वेळी खरेखुरे उत्तर दुसऱ्या इंटरफेसवर येते, टेबल पहिल्याकडे बोट दाखवते आणि पॅकेट टाकून दिले जाते. जाण्याची व येण्याची वाट वेगळी असणे ही इंटरनेटवरची रोजची गोष्ट आहे.

तरीही ही तपासणी सोडून देऊ नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे. हल्लेखोर आपल्या पॅकेटवर बळीचा पत्ता लिहून तिसऱ्याच सर्व्हरला लहानसा प्रश्न विचारतो आणि भलेमोठे उत्तर बळीवर जाऊन आदळते. २८ फेब्रुवारी २०१८ रोजी गिटहब या संगणक-कोड साठवणाऱ्या संकेतस्थळावर मेमकॅश्ड (माहिती तात्पुरती साठवणाऱ्या) सर्व्हरांमार्फत असाच हल्ला झाला आणि त्याचा जोर सेकंदाला १.३५ टेराबिटपर्यंत गेला होता. पत्ता खोटा आहे हे खात्रीने सांगू शकते ते फक्त पॅकेट जिथून निघाले ते पहिले नेटवर्क. पुढे गेल्यावर ते ओळखणे फार अवघड होते. मे २००० मधील आरएफसी २८२७ या इंटरनेटविषयक तांत्रिक दस्तऐवजाने, जो बीसीपी ३८ म्हणून ओळखला जातो, ही जबाबदारी म्हणूनच आपल्यासारख्या सेवादात्यांवर टाकली आहे.

म्हणून स्ट्रिक्ट तपासणी ग्राहकांच्या बाजूला लावावी. घरगुती ब्रॉडबँड किंवा एकाच लीज्ड लाइनवरचा ग्राहक यांच्याकडे जाण्या-येण्याची वाट एकच असते, त्यामुळे तिथे खरे पॅकेट अडकण्याचा धोका फार कमी. सिस्को कंपनीच्या राउटरवर इंटरफेसखाली ‘आयपी व्हेरिफाय युनिकास्ट सोर्स रीचेबल-व्हाया आरएक्स’ अशी आज्ञा आहे, तर ज्युनिपरवर ‘आरपीएफ-चेक’; ज्युनिपरवर डीएचसीपीची (ग्राहकाला पत्ता मिळवून देणारी) पॅकेट वाचवण्यासाठी ‘फेल-फिल्टर’ही (नापास पॅकेटसाठीचा नियम) जोडावा लागतो. मायक्रोटिकवर मात्र ‘आरपी-फिल्टर’ हे सेटिंग अख्ख्या उपकरणासाठी एकच असते. ग्राहक आणि अपस्ट्रीम दोन्ही एकाच मायक्रोटिकवर असतील, तर ते स्ट्रिक्ट न करता, ग्राहकांच्या इंटरफेसवर आपल्या पत्त्यांच्या यादीबाहेरचे सगळे टाकून देणारा नियम फायरवॉलच्या रॉ टेबलमध्ये (पॅकेट आल्याबरोबर लागू होणाऱ्या नियमांत) लिहावा.

दोन ठिकाणांहून सेवा घेणारा बीजीपी ग्राहक हा अपवाद समजावा. तो एखादा प्रीफिक्स (पत्त्यांचा गट) आपल्याकडे जाहीर न करताही त्या पत्त्यांवरून आपल्यामार्फत रहदारी पाठवू शकतो. मार्च २००४ चा आरएफसी ३७०४ आणि त्यात सुधारणा करणारा फेब्रुवारी २०२० चा आरएफसी ८७०४ याच अडचणीवर उपाय सांगतात. पण ग्राहक मोजके असतील तर प्रत्येकाकडून प्रीफिक्सची यादी मागून एसीएल (कोणते पॅकेट जाऊ द्यायचे याच्या नियमांची यादी) लिहिणे मला अधिक भरवशाचे वाटते.

अपस्ट्रीम इंटरफेसवर लावायचाच तर लूज (सैल) प्रकार लावावा. त्यात पत्ता टेबलमध्ये कुठेही असला तरी पॅकेट पुढे जाते. सिस्कोवर ‘अलाऊ-डिफॉल्ट’ दिल्याशिवाय डिफॉल्ट रूट (दुसरी वाट नसेल तेव्हा वापरायची वाट) त्यात धरला जात नाही. लिनक्सवर तो धरला जातो, त्यामुळे डिफॉल्ट रूट असेल तर तिथली लूज तपासणी जवळजवळ काहीच अडवत नाही. याउलट, संपूर्ण टेबल (इंटरनेटच्या सगळ्या वाटा) घेणाऱ्यांनी एक धोका लक्षात ठेवावा : इंटरनेट एक्स्चेंजवरील (अनेक नेटवर्क एकमेकांना जोडली जातात त्या ठिकाणच्या) राउटरांचे पत्ते पुष्कळदा बाहेर जाहीर केलेले नसतात. त्यांच्याकडून ‘पॅकेट फार मोठे आहे’ असा आयसीएमपी (नेटवर्कमधल्या अडचणी कळवणारा) निरोप आला तर लूज तपासणीत तोही गळतो आणि संकेतस्थळ अर्धवट उघडून थांबते. अपस्ट्रीमवर खरे काम करतात ते दोन एसीएल. आपलेच पत्ते लावून बाहेरून आत येणारी पॅकेट पहिला अडवतो. दुसरा आपले आणि आपल्या ग्राहकांचे पत्ते वगळता काहीही बाहेर जाऊ देत नाही.

या वेळी आधी फक्त मोजणी करा. सिस्कोच्या त्या आज्ञेपुढे सर्व काही मान्य करणाऱ्या एसीएलचा क्रमांक जोडला, तर तपासणीत नापास झालेली पॅकेटही पुढे जातात आणि ‘शो आयपी इंटरफेस’मध्ये ती ‘सप्रेस्ड व्हेरिफिकेशन ड्रॉप्स’ म्हणून वेगळी दिसतात. आठवडाभर हा आकडा पाहून, त्यामागचे पत्ते तपासून मगच एसीएल काढावा.

प्रश्न : या तपासणीमुळे आमच्यावर येणारे हल्ले थांबतील का?

उत्तर : थेट नाही. तिसऱ्या सर्व्हरांकडून बळीवर आदळणाऱ्या उत्तरांवर त्या सर्व्हरांचे खरेच पत्ते असतात. मात्र लूज तपासणी असलेल्या राउटरवर अशा पत्त्यासाठी ‘नल’कडे (म्हणजे कुठेच न पोहोचणारा) जाणारा रूट घातला की त्या पत्त्यावरून येणारी पॅकेट तिथेच गळतात, ऑगस्ट २००९ च्या आरएफसी ५६३५ मध्ये ही पद्धत दिली आहे. आपली लिंक आधीच भरून गेली असेल तर तोच रूट अपस्ट्रीमच्या राउटरवर असावा लागतो, तेव्हा तशी सोय त्यांच्याकडे आहे का, हे पुरवठादाराला आजच विचारून ठेवावे.