अर्धा गुण नेमका कुठे गेला? विज्ञानाच्या उत्तरपत्रिकांबद्दल वाचकांचे प्रश्न

सहामाहीच्या उत्तरपत्रिका घरी आल्या की या सदराकडे येणारी पत्रे वाढतात. या वेळची बहुतेक पत्रे सातवी-आठवीच्या विज्ञानाच्या गुणांबद्दल आहेत. निम्मी शिक्षकांची आहेत आणि निम्मी पालकांची. एकाच विषयावरचे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : दाबावरचे 3 गुणांचे गणित होते. पेटीचे वजन 200 न्यूटन, तळ 0.5 मीटर बाय 0.4 मीटर, तर जमिनीवर दाब किती? एका मुलाने क्षेत्रफळ काढताना गुणाकाराऐवजी बेरीज केली आणि पुढचे सगळे बरोबर केले. उत्तर अर्थातच चुकले. शून्य द्यायचे की दोन?
*(शिक्षिका, डिचोली)*

उत्तर : दोन. या गणितात क्षेत्रफळाला 1, सूत्र लिहून किमती भरण्याला 1 आणि एककासह उत्तराला 1 अशी विभागणी ठेवावी. बरोबर उत्तर 1000 पास्कल. मुलाने क्षेत्रफळ 0.9 धरले, तर 200 भागिले 0.9 म्हणजे सुमारे 222 पास्कल येते. त्याने तेच काढले असेल तर दुसरी आणि तिसरी पायरी त्याच्या स्वतःच्या आकड्यावर बरोबर आहे. एका चुकीला शिक्षा एकदाच. त्यासाठी तपासणाऱ्याला कॅल्क्युलेटर घेऊन मुलाच्या चुकलेल्या आकड्यावरून पुढचे गणित करून पाहावे लागते. कंटाळवाणे आहे, पण त्याला पर्याय नाही.

ही सवलत सूत्र चुकले की संपते. कुणी बल गुणिले क्षेत्रफळ करून 40 उत्तर काढले, तर क्षेत्रफळाचा 1 गुण द्या आणि थांबा. तिथे चूक आकडेमोडीची नसून दाब म्हणजे काय तेच कळलेले नाही, आणि 40 हे उत्तर त्या न कळण्यातूनच आले आहे. प्रश्नातला आकडा उतरवताना 200 चे 2000 झाले असतील, तर अर्धा गुण कापून पुढचे सगळे द्या. एकक राहिले तर अर्धा कापा, पण एका गणितात एककाचा दंड एकदाच. क्षेत्रफळाला चौरस मीटर लिहिले नाही म्हणून अर्धा, पास्कल लिहिले नाही म्हणून आणखी अर्धा, असे करू नये.

रीत न दाखवता नुसते '1000 पास्कल' लिहिले असेल तर? प्रश्नपत्रिकेत 'रीत दाखवा' असे छापले असेल तर उत्तराचा 1 गुण. छापले नसेल तर तिन्ही द्यावे लागतील. चूक प्रश्न काढणाऱ्याची आहे आणि तिचा भुर्दंड मुलाने भरायचा नाही. याच कारणाने वस्तुमानावरून वजन काढायचे असेल तेव्हा गुरुत्व त्वरण 10 घ्यायचे की 9.8, हे प्रश्नातच द्यावे. दिले नसेल तर 20 किलोच्या वस्तूचे वजन 200 न्यूटन आणि 196 न्यूटन ही दोन्ही उत्तरे बरोबर.

प्रश्न : 'किनाऱ्यालगतच्या गावांत लोखंडी वस्तू लवकर का गंजतात?' या 2 गुणांच्या प्रश्नाला मुलीने लिहिले, 'समुद्राच्या हवेत मीठ आणि ओलावा जास्त असतो, म्हणून गंज लवकर धरतो.' तिला शून्य मिळाले. टीचर म्हणतात, पुस्तकातले वाक्य नाही.
*(पालक, पेडणे)*

उत्तर : शून्य चूक आहे. आमच्या मते इथे दीड गुण होतो.

उत्तरसूचीत वाक्य नसते, मुद्दे असतात. इथे मुद्दे असे : गंज चढायला पाणी आणि ऑक्सिजन दोन्ही लागतात (1 गुण, प्रत्येकी अर्धा). किनाऱ्यावरच्या दमट हवेत क्षार असतात आणि खारे पाणी विजेचे चांगले वाहक असल्याने गंजण्याची प्रक्रिया वेगाने होते (1 गुण). आठवीच्या मुलाकडून वीजवाहकतेची अपेक्षा धरू नये. 'मिठामुळे वेग वाढतो' एवढे पुरे. तुमच्या मुलीने ओलावा लिहिला आणि मीठही लिहिले. राहिला तो ऑक्सिजन.

मात्र याच प्रश्नाला 'मिठाची लोखंडाशी प्रक्रिया होऊन गंज तयार होतो' असे कुणी लिहिले, तर मिठाचा गुण जातो. गंज म्हणजे पाण्याचा अंश असलेले लोखंडाचे ऑक्साइड, मीठ त्यात घटक म्हणून नसते. 'खारी हवा लोखंड खाते' हे वाक्य बोलायला झकास आहे, पण त्यात कारण नाही. त्याला फार तर अर्धा. घराच्या ग्रिलला दर पावसाळ्यानंतर रंग काढावा लागतो तिथल्या मुलांना हा विषय पुस्तकाआधीच माहीत असतो. त्यामुळे घरच्या शब्दांतली उत्तरे येणारच, आणि ती वाचून त्यांतला मुद्दा शोधणे हे तपासणाऱ्याचे काम आहे.

त्याच धड्यातला, तीन परीक्षानळ्यांत लोखंडी खिळे ठेवून गंज पाहण्याचा प्रयोग तपासताना एक चूक हमखास निसटते. दुसऱ्या नळीत उकळलेले पाणी असते आणि वर तेलाचा थर. उकळल्याने पाण्यात विरघळलेली हवा निघून जाते, तेलामुळे ती परत मिसळत नाही. अनेक मुले लिहितात, 'तेलामुळे खिळ्याला पाणी लागत नाही.' खिळा तर पाण्यातच बुडालेला आहे! निष्कर्ष 'गंजला नाही' असा बरोबर लिहिला म्हणून घाईत पूर्ण गुण दिले जातात. निरीक्षणाचा गुण द्या, कारणाचा देऊ नका. तिसऱ्या नळीतले कॅल्शियम क्लोराइड हवेतली वाफ शोषते, ते 'ऑक्सिजन शोषते' असे लिहिले असेल तिथेही हाच न्याय.

प्रश्न : आमच्याकडची बरीच मुले चौथीपर्यंत मराठीतून शिकून पाचवीत इंग्रजी माध्यमात येतात. विज्ञान कळलेले असते, स्पेलिंग मात्र दयनीय. किती कापावे?
*(शिक्षक, वाळपई)*

उत्तर : स्पेलिंगसाठी काहीच कापू नका, पण दोन चाचण्या लावा. लिहिलेला शब्द मोठ्याने वाचला तर तीच संज्ञा ऐकू येते का? आणि तो शब्द विज्ञानातल्या दुसऱ्याच एखाद्या संज्ञेच्या वाटेला तर जात नाही ना? फोटोसिंथेसिसमध्ये 'वाय'च्या जागी 'आय' आला किंवा 'एच' गळला, तरी शब्द दुसरा कुठला होत नाही. पूर्ण गुण. पण सल्फाइड, सल्फाइट आणि सल्फेट हे तीन वेगळे पदार्थ आहेत. युरेटर म्हणजे मूत्रपिंडाकडून मूत्राशयाकडे येणारी नळी आणि युरेथ्रा म्हणजे मूत्राशयातून बाहेर जाणारी. इथे एका अक्षराने उत्तर फिरते. मायटोसिस आणि मिओसिस या पेशीविभाजनाच्या दोन प्रकारांची खिचडी करून मधलाच कुठला शब्द लिहिला असेल तर शून्य, कारण मुलाला दोनांपैकी कोणता म्हणायचा आहे हे आपण ठरवणे म्हणजे उत्तर आपणच लिहिणे. मराठी माध्यमातही हेच : 'प्रकाशसंष्लेशण' चालेल, पण वजनाच्या जागी वस्तुमान आणि धमनीच्या जागी शीर चालणार नाही.

व्याकरणाचेही तसेच. क्रियापदाचे रूप चुकले, 'द' राहिला, तर सोडून द्या. दिशा दाखवणारे शब्द मात्र सोडता येत नाहीत. उष्णता गरम वस्तूकडून थंड वस्तूकडे जाते. इंग्रजीत 'फ्रॉम' आणि 'टू' यांची अदलाबदल झाली तर वाक्य उलटे होते. 'त्याला बरोबरच म्हणायचे असणार' असे आपल्याला वाटते, पण कागदावर चूक आहे. सोबत आकृतीत बाण बरोबर दाखवला असेल तर? तर लेखी वाक्य आणि आकृती परस्परविरोधी झाली. वाक्याचा गुण जाईल, आकृतीचा मिळेल.

इंग्रजी उत्तरात मध्येच देवनागरीत शब्द आला तर काय, हे शाळेने परीक्षेआधी ठरवून मुलांना सांगावे. आमचे मत : पाचवी-सहावीत स्वीकारावा. आठवीत स्पष्टीकरणात स्वीकारावा, पण जिथे संज्ञाच विचारली आहे तिथे नाही.

प्रश्न : 'नैसर्गिक दर्शकाचे एक उदाहरण द्या' याला मुलाने 'भिरंडाची सोलं' लिहिले. पुस्तकात लिटमस, हळद आणि जास्वंद आहे म्हणून गुण दिला नाही.
*(पालक, काणकोण)*

उत्तर : गुण द्यायला हवा. दर्शक म्हणजे रंग बदलून आम्ल की आम्लारी हे दाखवणारा पदार्थ. भिरंडाचे सोल म्हणजे आमसूल. त्याचा लाल रंग अँथोसायनिन गटातल्या रंगद्रव्यांचा असतो आणि ती आम्लात व आम्लारीत वेगळा रंग दाखवतात. शंका असेल तर शिक्षकांनी वर्गात कपभर पाण्यात एक सोल भिजवून त्यात खाण्याचा सोडा घालून पाहावे. सोल स्वतःच आंबट असल्याने पहिली चिमूट आम्ल मारण्यातच खर्ची पडते आणि लाल रंग तसाच राहतो. फेस थांबेपर्यंत थोडा थोडा सोडा घालत राहिले की लाली जाते. पहिल्या चिमटीला 'काही झाले नाही' म्हणून सोडून देणारे इथेच फसतात.

हळदीच्या उत्तराला मात्र डोळे झाकून गुण देऊ नका. हळद आम्लात पिवळीच राहते, साध्या पाण्यातही पिवळीच, आणि आम्लारीत तांबूस लाल होते. म्हणून 'हळदीने लिंबाचा रस आम्ल आहे हे ओळखता येते' हे उत्तर चूक आहे. जास्वंदीचा अर्क आम्लात गडद गुलाबी आणि आम्लारीत हिरवा होतो. ही जोडी उलटी लिहिली असेल तर दोन्ही अर्धे गुण गेले.

प्रश्न : तीन उदाहरणे मागितली, मुलीने पाच लिहिली, त्यातली चार बरोबर. तरी 3 पैकी 2 गुण. हा कुठला हिशोब?
*(पालक, म्हापसा)*

उत्तर : हिशोब योग्य आहे. मागितल्यापेक्षा जास्त लिहिले तर प्रत्येक चुकीचे उत्तर मिळू शकणाऱ्या गुणांतला एक गुण खाऊन टाकते : इथे 3 वजा 1, म्हणजे 2. नाहीतर दहा नावे लिहून ठेवणाऱ्याला पूर्ण गुण मिळतील. चूक नसलेले पण विषयाला सोडून असलेले वाक्य मात्र मोजू नये. आणि हा नियम प्रश्नपत्रिकेच्या सूचनांत छापलेला हवा.

प्रश्न : आकृत्यांना गुण देताना प्रत्येक शिक्षकाचे माप वेगळे. सुंदर काढली की जास्त, असेच चालते.
*(शिक्षिका, फोंडा)*

उत्तर : चित्रकलेचा तास वेगळा आहे. विज्ञानात आकृती बरोबर आहे की नाही एवढेच पाहायचे.

सपाट आरशावरचे परावर्तन, 2 गुण : आपाती आणि परावर्तित किरण बाणांसह अर्धा, आरशाला काटकोनात स्तंभिका अर्धा, दोन्ही कोन स्तंभिकेपासून दाखवले अर्धा, कोन डोळ्यांना सारखे दिसतात अर्धा. सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे कोन आरशापासून मोजणे. बाण नसतील तर तो किरण नाही, नुसती रेघ आहे. आभासी प्रतिमेकडे मागे वाढवलेल्या रेषा तुटकच हव्यात.

विद्युत परिपथात तारेत फट राहिली आणि कळ तर चालू (जोडलेली) दाखवली, तर परिपथ पूर्ण नाही, गुण नाही. घटाच्या चिन्हात लांब रेघ धन. अमीटर एकसर, व्होल्टमीटर समांतर. हा गुण चिन्हाला नसून जागेला आहे.

नावे देताना रेघ त्या भागाला टेकलेली हवी. वनस्पती पेशीत 'पेशीभित्तिका' आणि 'पेशीपटल' यांच्या रेघा दोन्हींच्या मध्ये अधांतरी थांबल्या तर दोन्ही नावांचे गुण जातात. पट्टी न वापरल्याबद्दल कापू नका. पेनने काढली म्हणून कापायचे असेल तर ती सूचना आधी दिलेली असावी.

प्रश्न : आठवीच्या दोन तुकड्या, दोन शिक्षक. एका तुकडीची सरासरी दर वेळी बरीच वर. पालक विचारतात. काय करावे?
*(मुख्याध्यापक, साखळी)*

उत्तर : तुकडीवार वाटणी बंद करा, प्रश्नवार करा. एका शिक्षकाने दोन्ही तुकड्यांचे पहिले तीन प्रश्न तपासावेत, दुसऱ्याने उरलेले. त्यानेच निम्मी तफावत जाते.

उरलेल्या निम्म्यासाठी, तपासणी सुरू होण्याआधी दोन्ही तुकड्यांतल्या मिळून आठ उत्तरपत्रिकांच्या झेरॉक्स काढा. एक हुशार, एक काठावरची, बाकी मधल्या. नावे झाका. दोघांनी वेगवेगळ्या तपासाव्यात आणि मग शेजारी बसून गुण जुळवून पाहावेत. एकूण गुण जुळले म्हणून समाधान मानू नका. एकाने गणितात जास्त दिले आणि दुसऱ्याने आकृतीत, तरी बेरीज सारखी येते. प्रश्नागणिक पाहा. जिथे अर्ध्याहून जास्त फरक आहे तिथे उत्तरसूचीत एक ओळ वाढवा : हे स्वीकारायचे, हे नाही. नंतर तपासताना सूचीत नसलेले पण बरोबर उत्तर सापडले, तर तेही त्याच कागदावर लिहा आणि आधी तपासून झालेल्या गठ्ठ्यातून तसे उत्तर शोधून काढून गुण द्या. हे शेवटचे काम सहसा टाळले जाते, आणि पालकांच्या तक्रारी बहुतेक वेळा तिथूनच येतात.

प्रत्येक प्रश्न सगळ्या गठ्ठ्यात सलग तपासा, मग पुढचा घ्या. पंचविसेक उत्तरपत्रिका झाल्या की पहिल्या पाच पुन्हा उघडून पाहा, कारण हात सुरुवातीला कडक असतो आणि दमल्यावर सैल पडतो. पायरीचे गुण पायरीसमोर आणि बेरीज समासात लिहा. अर्धे गुण प्रश्नागणिक पूर्ण करू नका, शेवटच्या एकूण बेरजेत एकदाच करा. कोऱ्या पानांवर तिरपी रेघ मारा, आणि पुरवणी मोजून मुखपृष्ठावर आकडा घाला, कारण बेरजेतून हमखास सुटतात ते पुरवणीवरचे गुण.