सहीआधी करारनामा वाच

प्रिय बाळ,

टर्नर ट्रेड पास झालीस आणि रबाळ्याच्या कंपनीत वर्षभराची अ‍ॅप्रेंटिसशिप मिळाली, हे तुझ्या बाबांनी सांगितलं. मैत्रिणी ऐरोलीला एसी ऑफिसात जाणार आणि आपण लेथ मशिनवर, म्हणून तू जरा हिरमुसली आहेस, असंही कानावर आलं. त्यावर मी काही बोलत नाही. मला बोलायचंय ते सोमवारी तुझ्यापुढे सहीला येणाऱ्या करारनाम्याबद्दल.

तो सगळा वाच. १९६१ च्या अ‍ॅप्रेंटिस कायद्याखालच्या नियमांनुसार ३० किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के अ‍ॅप्रेंटिस घ्यावेच लागतात. म्हणजे कंपनी तुझ्यावर उपकार करत नाही. सरकारच्या अ‍ॅप्रेंटिसशिप सल्लागाराच्या मंजुरीशिवाय तुला ओव्हरटाइम लावता येत नाही. वर्ष संपल्यावर नोकरी देण्याची सक्ती मात्र कायद्यात नाही, त्याचं धोरण कंपनीनं स्वतः ठरवायचं असतं. ते काय आहे, हे पहिल्याच आठवड्यात एचआरला विचार. विचारताना लाजू नकोस.

मी लाजलो होतो. वागळे इस्टेटमध्ये अ‍ॅप्रेंटिस लागलो तेव्हा कागदावर टर्निंगचं, म्हणजे लेथवर धातू फिरवत कापून आकार देण्याचं, प्रशिक्षण होतं आणि प्रत्यक्षात चार महिने ट्रॉलीवर माल चढवला. संध्याकाळी रोजच्या कामाच्या वहीत ‘मशिन शॉप’ एवढंच लिहायचं आणि साहेबांची सही घ्यायची. पाचव्या महिन्यात एका मिस्त्रींनी आपणहून मला त्यांच्या लेथवर उभं केलं, म्हणून माझं आयुष्य मार्गी लागलं.

त्यांच्या हाताखालचा माझा पहिला मोठा जॉब, म्हणजे मशिनवर घडवायचा नग, ५० मिलिमीटर व्यासाचा शाफ्ट (गोल दांडा) होता. टर्निंग झाल्या झाल्या मायक्रोमीटर लावला, माप अगदी बरोबर. जेवणाच्या सुट्टीनंतर क्वालिटीवाल्यांनी तोच शाफ्ट मोजला तर कमी भरला. रिजेक्ट! मिस्त्री रागावले नाहीत. त्यांनी मशिनवरून नुकताच उतरवलेला दुसरा शाफ्ट माझ्या तळहातावर ठेवला. चटका बसला. ‘गार होऊ दे, मग मोज,’ एवढंच म्हणाले.

उष्णतेनं धातू प्रसरण पावतो, हे मी शाळेत पाठ केलं होतं, मार्कही मिळवले होते. ५० मिलिमीटरचा पोलादी जॉब ३० अंशांनी तापला की साधारण ०.०१७ मिलिमीटरनं फुगतो, हा हिशेब मी त्या रात्री घरी बसून पहिल्यांदा मांडला. पुस्तकातलं वाक्य आणि तळहातावरचा चटका तोवर कधी एकत्र आलेच नव्हते.

हल्ली शिक्षणसंस्था आणि उद्योगांच्या भागीदारीचे करार होतात, फोटो निघतात. करार हवेतच, त्यांच्यामुळेच तुझ्यासारख्या मुलींना दार उघडतं. पण माझ्या लेखी खरी भागीदारी तिथे असते, जिथे शिकाऊ मुलाचा जॉब बिघडला तर त्याच्यासाठी अर्धा तास काढणं हे कुणाच्या तरी कामाचा भाग असतं. मिस्त्रींनी तो अर्धा तास स्वतःच्या टार्गेटमधून काढला. सगळ्या पोरांना असा माणूस भेटत नाही, आणि ते नशिबावर सोडणं मला मान्य नाही. म्हणून पहिल्याच दिवशी विचार: मला शिकवण्याची जबाबदारी कुणाची? नाव सांगितलं तर लिहून घे. ‘सगळेच शिकवतील’ असं उत्तर आलं तर आयटीआयच्या सरांच्या कानावर घाल. त्यांनी कंपनीशी बोलायला हवं.

वही रोज भर. कुठला जॉब, ड्रॉइंगवर टॉलरन्स (मापात चालणारा फरक) किती, माप किती आलं, बिघडला तर का. आठवडाभर झाडू नाहीतर ट्रॉलीच हातात असेल तर तेही तसंच लिही, ‘मशिन शॉप’ लिहू नकोस.

पहिला महिना झाला की ती वही घेऊन घरी ये. रविवारी मी असतोच. माझा जुना मायक्रोमीटर तेल लावून ठेवलाय, तो तुझ्यासाठी आहे.

तुझा,
काका