वाद्ये मिळाली, शिक्षकांच्या मानधनाचे काय?

प्रश्न : आमच्या तालुक्याच्या गावी देवळाच्या सभामंडपात मुलांना गायन, पेटी आणि तबला विनामूल्य शिकवला जातो. आमचा न्यास नोंदणीकृत असून त्याला चार वर्षे झाली आहेत. एका कंपनीच्या प्रतिष्ठानाने पाच पेट्या आणि तबल्याचे पाच जोड देऊ केले. मात्र दोन्ही शिक्षकांचे मानधन हा ‘प्रशासकीय खर्च’ असून तो कायद्याने देता येत नाही, असे कळवले. वाद्ये स्वीकारावीत का? मानधनासाठी पुन्हा अर्ज करता येईल का?
– एक विश्वस्त, सातारा जिल्हा

उत्तर : वाद्ये जरूर स्वीकारावीत आणि पुन्हा अर्जही जरूर करावा, कारण तुम्हाला दिलेले कारण कायद्याला धरून नाही. कंपनी कायदा, 2013 च्या कलम 135 खाली येणाऱ्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान 2 टक्के रक्कम सामाजिक उत्तरदायित्वापोटी, म्हणजे आपण ज्याला सीएसआर म्हणतो त्यासाठी, खर्च करावी लागते आणि त्यातील प्रशासकीय खर्चावर 5 टक्क्यांची मर्यादा आहे. ही मर्यादा कंपनीने आपला सीएसआरचा कारभार चालवण्यासाठी केलेल्या खर्चाला लागू होते. शैक्षणिक उपक्रमातील शिक्षकांचे वेतन हा उपक्रमाचाच खर्च समजावा, असे कंपनी व्यवहार मंत्रालयाने ऑगस्ट 2021 च्या परिपत्रकात स्पष्ट केले आहे. वेतन न देण्याचे धोरण एखादे प्रतिष्ठान स्वतः ठरवू शकते. परंतु त्यासाठी कायद्याकडे बोट दाखवता येणार नाही. नव्या अर्जात या परिपत्रकाचा उल्लेख नम्रपणे, पण नेमकेपणाने करावा.

वाद्यांवर देणगीदाराचे नाव घालता येते, त्यांच्यासह छायाचित्र निघते, म्हणून त्यांच्यासाठी पैसा लवकर सुटतो, हे मी अनेक ठिकाणी पाहिले आहे आणि मला त्याचे वाईट वाटते. शिकवणारा नसेल तर त्या वाद्यांचे काय होते? पावसाळ्याच्या दमट हवेत तबल्याची कातड्याची पुडी सैल पडते, तिच्यावरचा काळा लेप म्हणजे शाई उखडू लागते. पेटीचे सूर उतरतात, भात्यातून हवा जाते आणि एक-दोन वर्षांत ती शाळेच्या कपाटावर जाऊन बसते. रोज हाताळणारा आणि वेळेवर दुरुस्तीला नेणारा माणूस असेल, तरच वाद्य टिकते.

पं. विष्णु दिगंबर पलुसकरांनी 5 मे 1901 रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले, ते कोणा एका संस्थानिकाच्या आश्रयावर न विसंबता लोकांच्या देणग्या आणि जाहीर मैफलींचे उत्पन्न यांच्या बळावर. पुढे मुंबईत कर्ज काढून उभारलेली विद्यालयाची इमारत त्यांच्या हयातीतच लिलावात गेली. परंतु संगीत शिकवण्यासाठीच त्यांनी तयार केलेले शिष्य ठिकठिकाणी शिकवत राहिले आणि 1931 मध्ये, पलुसकरांच्या निधनानंतर, या शिष्यांच्याच पुढाकाराने गांधर्व महाविद्यालय मंडळाची स्थापना झाली. आज खेड्यापाड्यांतील मुले प्रारंभिक आणि प्रवेशिकेच्या परीक्षांना बसतात, ती या मंडळामुळे. पैसा कोठे घालावा, याचे याहून बोलके उदाहरण मला ठाऊक नाही.

आता अर्जाविषयी. कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत, म्हणजे सीएसआरचा पैसा ज्यांवर खर्च करता येतो त्या कामांच्या यादीत, शिक्षण आणि कला-संस्कृती या दोन्ही बाबी आहेत. तुमचा वर्ग दोहोंत बसतो, तरी शिक्षणावर भर द्यावा. आयकर कायद्याखालील, सर्वजण ‘बारा ए’ आणि ‘ऐंशी जी’ म्हणून ओळखतात त्या नोंदण्या आणि सीएसआर-1 या अर्जाने मिळणारा क्रमांक न्यासाकडे असला पाहिजे. अशाच कामाचा तीन वर्षांचा अनुभवही लागतो. तो तुमच्याकडे आहे. मागणी एका वर्षाची करू नये. उपक्रम सुरू झाल्याचे वर्ष सोडून आणखी तीन वर्षांपर्यंत ‘चालू प्रकल्प’ म्हणून निधी देण्याची नियमांत सोय आहे आणि संगीताला एवढा अवधी लागतोच. अंदाजपत्रकात मानधन सर्वांत वर ठेवावे आणि वाद्यांच्या देखभालीची तरतूद वेगळी दाखवावी.

प्रगतीचा पुरावा म्हणून केवळ परीक्षांचे निकाल जोडू नयेत. हजेरीपट जोडावा आणि चार-पाच मुलांच्या नोंदी द्याव्यात : जूनमध्ये जिचा षड्ज, म्हणजे ‘सा’, स्थिर लागत नव्हता, ती मुलगी डिसेंबरमध्ये भूप रागातील छोटा ख्याल ठेक्याबरोबर म्हणते, अशा स्वरूपाच्या. असा तपशील वर्गावर रोज उभ्या राहणाऱ्या शिक्षकालाच देता येतो, हे वाचणाऱ्याच्या आपोआप ध्यानात येते.

प्रश्न : मी अमेरिकेत राहतो. आमच्या महाराष्ट्र मंडळाला कोकणातील अशाच एका वर्गाच्या शिक्षकांसाठी दरमहा रक्कम पाठवायची आहे. काय काळजी घ्यावी?
– एक अनिवासी वाचक

उत्तर : अमेरिकेत नोंदलेले मंडळ हा भारतीय कायद्याच्या दृष्टीने परकीय स्रोत आहे. त्यामुळे परकीय योगदान नियमन कायदा, 2010 खालील नोंदणी किंवा विशिष्ट कामासाठीची पूर्वपरवानगी हाती असल्याशिवाय त्या संस्थेला तुमचा पैसा घेता येणार नाही. आधी एखाद्या मोठ्या नोंदणीकृत संस्थेकडे रक्कम पाठवून ती पुढे लहान संस्थेला देण्याची वाट 2020 च्या दुरुस्तीने बंद झाली आहे. ज्या सभासदांचे नागरिकत्व अजून भारतीय आहे, त्यांनी स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली रक्कम मात्र परकीय योगदान मानली जात नाही. अमेरिकी नागरिकत्व घेतलेल्यांना ही सवलत नाही. म्हणून मंडळाच्या खात्यात वर्गणी एकत्र न करता, भारतीय पासपोर्ट असलेल्या सभासदांनी आपापल्या खात्यातून थेट संस्थेच्या खात्यावर रक्कम पाठवावी आणि पासपोर्टची प्रत संस्थेच्या दप्तरी द्यावी.